मूळ गाव कोणते?
(आपल्या जबलपूरच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने मला बोलायला सांगितले तेव्हा रेल्वेवर काहीतरी बोला, असा आग्रह होता. पण रूळ, स्लीपर आणि खडी यांच्याबद्दल मी दिवसभर बोलतच असतो. आज घरच्या रुळावर बोलणार आहे. मी डिप्लोमा झालेला साधा इंजिनीअर, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. गेली काही वर्षे सुट्टी आणि पास मिळेल तसा मी आमच्या घराण्याची माहिती गोळा करत आहे. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपण सगळे इथे कसे आलो? काहींचे पूर्वज पेशवाईत फौजेबरोबर बुंदेलखंडात आले. काही नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आले. कोणी शाळेत शिकवायला, कोणी तोफगाडी कारखान्यात नोकरीला आले. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेला फाटा जबलपूरला एकमेकांना मिळाले आणि मुंबई-कलकत्ता रेल्वेने जोडली गेली. त्यानंतर रेल्वेबरोबर येणाऱ्यांची रीघ लागली. माझे आजोबा १९४० च्या सुमारास खान्देशातून खलाशी म्हणून इटारसीला आले, ते त्यातलेच.

आता आपल्या मुलांना विचारून पाहा, मूळ गाव कोणते? उत्तर येते, जबलपूर. त्यात मुलांचा दोष नाही, त्यांचा जन्मच इथला. पण पूर्वजांचा शोध घ्यायचा तर पहिली किल्ली म्हणजे गावाचे नाव. आडनाव पुरत नाही. जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वृत्तीची नावे गावोगाव आहेत. शिवाय आडनावे बदलतातही. सागर भागात ज्यांचे नाव आजही निघते ते गोविंदपंत मूळचे खेर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या नेवऱ्याचे. बुंदेलखंडाच्या कामगिरीवरून ते बुंदेले झाले. पानिपतच्या मोहिमेत १७६० साली ते मारले गेले. एका पिढीत आडनाव असे पालटू शकते. गाव, कुलदैवत आणि गोत्र किंवा देवक मात्र सहसा पालटत नाही. म्हणून घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून या गोष्टी आधी लिहून घ्या. आज लिहा, दिवाळीनंतर नको. कागद दहा वर्षांनीही सापडेल, आजी सापडणार नाही.

शोधाची सुरुवात घरातूनच करायची. लग्नपत्रिका, मुंजीची यादी, देवघरातल्या पोथीच्या मागच्या पानावरची जन्मटिपणे, जुन्या पत्रांवरचे टपालाचे शिक्के, भांड्यांवर कोरलेली नावे, असे सगळे एकत्र करा. आपल्या रेल्वेवाल्यांसाठी एक खास जागा आहे, ती म्हणजे वडील-आजोबांचे सर्व्हिसचे कागद. कायमचा पत्ता, वडिलांचे नाव, वारस म्हणून कोणाला नेमले, हे त्यात असते. आमच्या गावाचे नाव आणि तालुका मला तिथूनच मिळाला. घरात सगळे नुसते 'जळगावकडचे' एवढेच म्हणत.

गाव कळले की पुढचे स्टेशन तलाठी आणि तहसील कार्यालय. सातबारा सर्वांना माहीत आहे, पण सातबारा म्हणजे आजची स्थिती. पूर्वजांसाठी फेरफार पाहावे लागतात, म्हणजे गाव नमुना सहा. कोण वारले, जमीन कोणाच्या नावे लागली, वाटण्या कधी झाल्या, हे क्रमाने त्यात असते. त्याच्याच जोडीला सहा-क ही वारसांची नोंदवही. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टरही विसरू नका, कारण एका ओळीत मुलाचे नाव, बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख मिळते. महाराष्ट्र शासनाने अनेक जिल्ह्यांतले जुने अभिलेख स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेवले आहेत, म्हणजे निम्मे काम जबलपुरात बसून होते. मराठवाड्याचे मूळ असलेल्यांनी ध्यानात ठेवावे की निजामाच्या काळातली दप्तरे बरीचशी उर्दूत असतात आणि त्यांवर फसली सन असतो. फसलीत सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो. शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा. वर्षारंभाच्या फरकामुळे एखाद्या वर्षाची चूकभूल होते, तेवढी सांभाळावी.

जमीन नव्हती त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी आणि सर्वांसाठीच दुसरा मार्ग तीर्थक्षेत्रांचा. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असतात. यात्रेला किंवा श्राद्धकर्माला आलेल्या माणसाने आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे, मुलांचे नाव, गाव आणि मिती लिहून सही करायची, असा रिवाज आहे. हरिद्वार, प्रयाग, गया, काशी, पंढरपूर येथेही अशा वह्या आहेत. प्रयागला पंड्यांच्या झेंड्यांवर वेगवेगळी चिन्हे असतात, तीच त्यांची ओळख. तिथे तुम्हाला पहिला प्रश्न आडनावाचा येत नाही, गावाचा येतो, कारण कोणत्या मुलखाची वही कोणाकडे हे ठरलेले आहे. अमेरिकेतल्या युटा येथील वंशावळ संस्थेने हरिद्वार आणि इतर क्षेत्रांतल्या अनेक वह्यांच्या मायक्रोफिल्म केल्या. त्यातल्या बऱ्याच फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत. तरीही प्रत्यक्ष जाणे उत्तम. गर्दीचा पर्वकाळ टाळावा, तक्ता सोबत न्यावा, योग्य दक्षिणा द्यावी, विचारून पानाचा फोटो घ्यावा आणि आपली पुढची नोंद करून यावे.

दक्षिण महाराष्ट्र आणि बेळगावकडच्या कुटुंबांना हेळवी माहीत असतील. काही वर्षांनी एकदा बैल घेऊन दारात येणारे आणि पिढ्यान् पिढ्यांची नावे सांगणारे हे लोक. पूर्वी सगळे तोंडपाठ असे, नंतर वह्या आल्या. ज्यांच्या घरात कागदाचा कपटा नाही, अशा शेतकरी आणि धनगर कुटुंबांची वंशावळ त्यांनी राखली.

तिसरा मार्ग छापील कुलवृत्तांतांचा. विशेषतः कोकणातल्या अनेक कुळांनी ते काढले आहेत. कुलमंडळ स्थापन करायचे, घरोघर माहितीपत्रक पाठवायचे, दरवर्षी किंवा दोन-चार वर्षांनी कुलसंमेलन भरवायचे आणि जमलेल्या माहितीवरून वंशवृक्ष छापायचा, अशी ही पद्धत आहे. संमेलनात भिंतीवर वंशवृक्षाचा मोठा तक्ता लावतात आणि प्रत्येकजण आपली फांदी शोधतो. ज्या घराण्याचा कोणी पूर्वज उत्तरेत गेला आणि पुढे माहिती मिळाली नाही, तिथे फांदी तुटलेली असते. ती तुटलेली फांदी म्हणजे आपण! आपल्या कुळाचे मंडळ असेल तर त्यांना जरूर पत्र लिहा. तिकडे ते आपल्याला शोधतच असतात.

ज्यांचे पूर्वज सरकारदरबारी होते, इनामदार किंवा वतनदार होते, त्यांच्यासाठी पुणे. तिथल्या पुरालेखागारात, म्हणजे आपल्या तोंडी असलेल्या पेशवे दफ्तरात, कागदांचे रुमाल चाळीस हजारांच्या घरात आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले, ते मोठ्या ग्रंथालयांत पाहता येतात. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी पुण्यातच स्थापन केले. तिथेही घराण्यांची दप्तरे जतन केलेली आहेत. अडचण एकच, बहुतेक कागद मोडीत आहेत. पण मोडी हा काही राक्षस नाही. रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत अक्षर लागू लागते. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आता ती संगणकावरही लिहिता येते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरे उघडली, तेव्हा मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत ते सर्वांना कळले. आरक्षण हा आजचा विषय नाही. पण त्या निमित्ताने जुनी रजिस्टरे धूळ झटकून बाहेर आली, ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

महाराष्ट्राबाहेर राहून मूळ जपता येते का, असे कोणी विचारले तर मी तंजावरकडे बोट दाखवतो. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. चहूकडे तमिळ बोलणारा मुलूख, आणि दगडावर आपली वंशावळ! आपल्याला दगड नको, दोनशे पानी वही पुरे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी आज उभा राहिलो ती सांगतो. आमच्या पणजोबांचा मृत्यू १९५८ चा. नाशिकच्या नामावळीत मला त्यांचे, त्यांच्या वडिलांचे आणि आजोबांचे नाव मिळाले. मुलगे मिळाले. पणजीचे नाव तिथे नव्हते. घरात तिला सगळे 'मोठी आई' म्हणत, खरे नाव माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हते. ते मिळाले सहा-क च्या नोंदवहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यामुळे विधवा आणि मुलीही वारस म्हणून लागल्या होत्या. पणजीचे नाव, तीन मुलगे आणि खाली दोन मुली, आपापल्या सासरच्या गावासह. वडिलांना एकच आत्या माहीत होती. दुसरीचे नाव आमच्या घरात कधी कोणी घेतलेले नव्हते. त्या गावी जाऊन विचारले, तर तिची नातवंडे भेटली. त्यांच्याकडे आजीच्या माहेराबद्दल एवढेच ठाऊक होते की भाऊ रेल्वेत गेला आणि तिकडेच राहिला. मी घरी येऊन वडिलांना सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, तिला एक पत्र तरी टाकायला हवे होते कोणीतरी.

बंधू-भगिनींनो, आपल्या वंशवृक्षांत असा अर्धा भाग रिकामा आहे. मुलीच्या पुढे 'सासरी गेली' एवढे लिहून ओळ संपते. सुनेचे माहेरचे नाव कोणी लिहीत नाही. पुढे कोणी शोध घेतला तर त्याला कळणार कसे? महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळाच्या नावात शासकीय कागदपत्रांवर आधी आईचे नाव आणि मग वडिलांचे, असा नियम आला. सरकारने आईचे नाव लिहायला घेतले, आपण घरच्या वहीत तरी लिहूया. तक्ता करताना प्रत्येक बाईचे माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव आणि तिच्या मुलांची नावे लिहा. तीर्थक्षेत्री नोंद कराल तेव्हा मुलींची नावेही घालायला सांगा. कोणी आडकाठी केली तर नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

शेवटी मंडळाला एक विनंती. पुढच्या उत्सवात एक दुपार 'वंशावळ दिवस' म्हणून ठेवावी. प्रत्येक घराने आपला तक्ता आणि दोन-चार जुने कागद आणावेत. आपली मुले ते तिथेच स्कॅन करून परत देतील. मोडी वाचू शकणारे कोणी पाहुणे मिळाले तर फारच चांगले. तरुणांनी ज्येष्ठांच्या आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. ऐकीव माहिती आणि कागदावरची माहिती वेगवेगळ्या शाईने लिहावी, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत असल्याने एकच नाव तीन पिढ्यांत येते, तेव्हा नावापुढे वर्ष टाकायला विसरू नये. सर्व घरांचे तक्ते मिळून एक फाइल मंडळाच्या कपाटात राहू द्यावी. आपण बदलीची माणसे, आज इथे, उद्या कोटा नाहीतर भोपाळ. कपाट मात्र जागेवर राहील.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. एक कोरा कागद घ्या आणि वर मूळ गाव, तालुका, जिल्हा लिहा. खाली स्वतःचे नाव, आईचे, वडिलांचे, दोन्ही आज्यांचे आणि दोन्ही आजोबांचे. आठ पणजोबा-पणज्यांपर्यंत पोचलात की किती जागा रिकाम्या राहिल्या ते मोजा आणि उद्या सकाळी कोणाला फोन करायचा ते ठरवा.



गणपती बाप्पा मोरया!