इंद्रियें किती?



पंचेंद्रियें हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, तीं खरोखर पांचच आहेत काय, हें मोजून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. ॲरिस्टॉटलनें पांच सांगितलीं. संत थॉमस अक्विनस यांनीं तीं स्वीकारून स्मृति, कल्पना आदि चार अंतरिंद्रियें त्यांत मिळविलीं.

आतां डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्यास लावा. बोट चुकत नाहीं. तेथें दृष्टि नाहीं, श्रवण नाहीं. स्नायू व सांधे मेंदूस आपला ठावठिकाणा कळवीत असतात. या जाणिवेस शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०६ सालीं निराळें नांव दिलें.

तिचें मोल ती गेल्यावरच कळतें. इयन वॉटरमन हा १९ वर्षांचा इंग्रज तरुण १९७१ सालीं आजारी पडला व मानेखालील ही जाणीव कायमची गमावून बसला. स्नायूंत बळ होतें, परंतु उठून बसतां येईना. पुढें प्रत्येक अवयवावर डोळ्यांचा पहारा ठेवून तो चालूं लागला. मात्र दिवा मालवतांच कोसळे. मधुमेहानें आपल्या घरांतील वडील माणसांच्या पायांतही हीच जाणीव मंद होऊं शकते. अंधारांत अडखळलीं कीं त्यांस आपण धांदरट म्हणतों, तो अन्यायच होय.

तोल राखणारें इंद्रिय तर कानाच्या आंत दडलेलें आहे. मग एकूण किती? स्पर्श, उष्णता व वेदना एक धरावयाच्या कीं तीन, यावर आंकडा हलतो. मिरचीचा तिखटपणा ही तर जिव्हेची रुचिच नव्हे. कढत चहा ज्या द्वारानें भाजतो, त्याच द्वारानें तीही भाजते.