बातमी उजेडात धरून वाचा



मी चौथी शिकलेला माणूस. लेखबिख आपल्याला जमत नाही. पण साच्यावरून उतरलेलं कापड आपण उजेडात धरून बघतो ना, तसं मी वर्तमानपत्र वाचतो.

आता ही दोन वाक्यं ऐका. 'पोलिसांनी लोकांवर गोळ्या झाडल्या.' हे एक. 'जमाव बेफाम झाल्याने पोलिसांस गोळीबार करणे भाग पडले.' हे दुसरं. प्रसंग तोच, मेलेली माणसंही तीच. पण लोकलमध्ये बसून दुसरं वाक्य वाचणारा भला माणूस म्हणतो, पोलिसांनी तरी काय करावं? बातमीदार जागेवर होता, की कचेरीतलं सरकारी पत्रक उतरवून मोकळा झाला, हे त्याला कसं कळणार? त्याचं मत तिथंच बनलं. आमचे लोक मेले ते मेले, वर गुंड ठरले!

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर १५ माणसं गेली. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या. अत्र्यांचं 'मराठा' दैनिक निघालं १५ नोव्हेंबर १९५६ ला. गिरणगावात एक जण मोठ्यानं वाची नि चाळ ऐके. अत्र्यांची भाषा तिखट, मला विचाराल तर कधी कधी जास्तच. शिवीनं आपलीच माणसं खूश होतात. परक्याला पटतं ते नाव, जागा, वेळ दिल्यावर.

हे लोखंड्यांनी फार आधी ओळखलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे १८८० पासून मुंबईत 'दीनबंधु' चालवीत. गिरणीत किती तास राबवून घेतात, सुट्टी कशी नाही, हे छापून येऊ लागलं. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांचा अर्ज झाला, नि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पडली. मालकांना दया आली म्हणून नव्हे.

तेव्हा एवढं करा. खात्यात अपघात झाला, कुणाला काढलं, लाठी पडली, की त्याच दिवशी लिहून काढा: वेळ, खातं, किती माणसं, कुणी डोळ्यानं पाहिलं. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा. पाहणाऱ्या दोघांच्या सह्या घ्या. नि तो कागद आपल्या पत्राकडे धाडाच, पण आपल्याला शिव्या देणाऱ्या पत्राकडे आधी धाडा. छापलं नाही तर दुसऱ्या दिवशी चार जण जाऊन संपादकाला विचारा, का छापलं नाही म्हणून.