कंपनी बदला, नंबर नको

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत बँक सखीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मोबाईलच्या रिचार्जचा आहे. कर्ज, बचत, हप्ता सोडून हे काय मधेच, असं वाटेल काहींना. पण गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे ज्या अडचणी आल्या, त्यातल्या बऱ्याच फोनपासून सुरू झालेल्या होत्या. रिचार्ज महागला, रेंज येत नाही, म्हणून बाई वैतागते. बाजारात छत्री लावून बसलेल्या पोराकडून नवं सिम घेते आणि जुनं सिम डब्यात टाकून देते. मग दोन महिन्यांनी माझ्याकडे येते, "ताई, बँकेचा मेसेजच येत नाही."

कसा येणार? बँकेत जुना नंबर, आधारला जुना नंबर, गॅसला तोच, पोराच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवरही तोच. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच जातो, आणि तो नंबर तर डब्यात. ९० दिवस एखादा नंबर अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे काही काळाने तो दुसऱ्याच कुणाला तरी मिळतो. म्हणजे तुमच्या खात्याचे मेसेज परक्या माणसाच्या फोनवर! मग आधार केंद्राची रांग, बँकेचा फॉर्म, आणि प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो. गटाच्या खात्याला अध्यक्ष किंवा सचिव ताईंचा नंबर जोडलेला असेल तर काम आणखी वाढतं. ठराव, सह्या, शाखेच्या फेऱ्या. आणि त्या पायी अख्खा गट अडकून बसतो.

म्हणून कंपनी खुशाल बदला, पण नंबर बदलू नका. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्या देशात २० जानेवारी २०११ पासून आहे. त्याला पोर्ट करणं म्हणतात. ज्यांना माहीत आहे त्यांनाही ते किचकट वाटतं, आणि थोडं किचकट आहेच.

पण त्याआधी एक विचारते. तुम्हाला खरंच कंपनी बदलायची आहे, की फक्त प्लॅन? जुलै २०२४ मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हापासून सगळ्या कातावलेल्या आहेत. पण दुकानदार जो रिचार्ज मारतो तोच एक असतो असं नाही. २८ दिवसांचा रिचार्ज घेतला तर वर्षात तेरा वेळा मारावा लागतो, हिशेब करून बघा. आपण म्हणतो महिन्याचा रिचार्ज, आणि पैसे जातात तेरा महिन्यांचे. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिने २०२२ मध्ये सांगितलं आहे की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा रिचार्जही ठेवलाच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक नियम झाला. ज्याला इंटरनेट लागत नाही त्याच्यासाठी नुसतं बोलणं आणि मेसेज एवढाच रिचार्ज ठेवायचा, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. सासूबाईंच्या बटणाच्या फोनला रोजचं दीड जीबी कशाला? दुकानात स्पष्ट विचारा, "नुसत्या बोलण्याचा दाखव." न विचारता कुणी दाखवत नाही. आणि मुदत संपायच्या आत रिचार्ज करत असाल तर हेही विचारा की नवा आत्ता लगेच लागू होणार की जुना संपल्यावर. नाहीतर चार दिवस फुकट जातात.

आता कंपनीच बदलायची ठरली, तर काय काय होतं ते सांगते.

पहिल्यांदा रेंज तपासा. हे मी पोर्टच्या आधी सांगते कारण एकदा गेलात की ९० दिवस तिथून हलता येत नाही. पावसाळ्यात गेलात आणि रेंज नाही निघाली तर दिवाळीपर्यंत अंगणात उभं राहून बोलायचं. शेजारणीचं त्या कंपनीचं सिम दहा मिनिटं मागून घ्या, आपल्याच फोनमध्ये घाला आणि चुलीपाशी, गोठ्यात, शेतात, बैठक भरते तिथे फिरून या. आपल्याच फोनमध्ये म्हणते त्याला कारण आहे. काही सिम ४जी फोनमध्येच चालतात, जुन्या बटणाच्या फोनमध्ये चालतच नाहीत. हे सिम घेतल्यावर कळलं की मग आणखी एक फोन घ्यावा लागतो, तो खर्च कोण धरतं?

मग सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्यातल्या किती जणींचं सिम नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर आहे, हात वर करा म्हटलं तर निम्म्या सभेचे हात वर जातील. ज्याच्या नावावर सिम, त्यालाच पोर्टच्या वेळी ओळखपत्र घेऊन उभं राहावं लागतं. मुलगा पुण्याला कंपनीत असेल तर झालीच पंचाईत. सिम आपल्या नावावर करून घ्यायचं असेल तर ते आधी, पूर्ण होऊ द्यायचं, आणि मग पोर्ट. नाव बदलण्याचं काम अर्धवट असताना पोर्टची मागणी मंजूर होत नाही. तसंच सिम हरवलं म्हणून नुकतंच दुसरं काढलं असेल, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने सात दिवस थांबावं लागतं. हे चोरांना रोखायला केलंय, तेव्हा त्यावर चिडू नका. आणि बिलाचं कनेक्शन असेल तर थकबाकी शून्य पाहिजे.

एवढं झालं की मेसेज. इंग्रजीत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडायची, आपला दहा आकडी नंबर टाकायचा आणि १९०० वर पाठवायचा. इथेच पुष्कळ जणी अडकतात, कारण स्वस्त रिचार्जमध्ये मेसेज नसतातच. पूर्वी मेसेजसाठी मोठा रिचार्ज मारून मगच कंपनी सोडता येई, म्हणजे निघताना वर दक्षिणा! ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना बजावलं की रिचार्ज कुठलाही असो, १९०० ला मेसेज गेलाच पाहिजे. मेसेजचे पैसे बॅलन्समधून कापले जाऊ शकतात, म्हणून थोडे शिल्लक ठेवा.

उत्तरात आठ अक्षरांचा-आकड्यांचा एक कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. कोडच्या जागी नकार आला तर कारण त्याच मेसेजमध्ये असतं, ते मुलीकडून नीट वाचून घ्या. आणि कोड आल्यावर जुन्या कंपनीकडून गोड फोन येऊ लागतात, ताई अमुक देतो, तमुक देतो. ऐकायला हरकत नाही. पण फोनवर कुणी कोड मागितला, मग तो कंपनीचा म्हणो नाहीतर बँकेचा, तर फोन ठेवून द्या. तो कोड म्हणजे आपला नंबर बाहेर नेण्याची किल्ली आहे. तो फक्त नव्या कंपनीच्या दुकानात, समोर बसून द्यायचा.

दुकान म्हणजे दुकान. बाजारातल्या छत्रीखाली नको. तिथे अंगठा घेतात आणि म्हणतात, "ठसा उमटला नाही मावशी, परत लावा." दुसऱ्या ठशावर दुसरंच सिम निघतं, आणि तुमच्या नावाच्या सिमवरून कुणी कुणाला फसवतं. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर बघता येतं. आपला नसलेला नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. पुढच्या बैठकीला फोन आणा, आपण सगळ्यांचे बघू.

कोड दिल्यावर तीन कामाचे दिवस लागतात. रविवार आणि सुट्टी त्यात धरत नाहीत. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक विभाग आहे, मुंबईचा वेगळा. म्हणून मुंबईहून आलेल्या सुनेचा नंबर इकडच्या विभागात आणायचा तर पाच दिवस धरा. तोवर जुनंच सिम फोनमध्ये असू द्या. ते एकदम मुकं झालं की नवं घाला. मधले काही तास फोन बंद राहू शकतो, म्हणून ज्या आठवड्यात हप्ता भरायचा आहे, पीक विम्याची किंवा कुठल्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, त्या आठवड्यात पोर्ट करू नका. जुन्या सिममधली शिल्लक आणि उरलेले दिवस सोबत येत नाहीत. वर्षाचा रिचार्ज नुकताच मारला असेल तर मग गप्प बसणंच स्वस्त.

मन बदललं तर कोड दिल्यापासून २४ तासांत १९०० लाच इंग्रजीत कॅन्सल लिहून नंबर पाठवायचा.

आणि काहीच धड झालं नाही, जुनं बंद आणि नवं चालू नाही, तर दुसऱ्याच्या फोनवरून का होईना कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावा. त्याच कंपनीचा फोन असेल तर नंबर १९८, पैसे पडत नाहीत. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि तो गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहा. नुसतं "बघतो मॅडम" म्हणाले तर ती तक्रार झालेली नसते. तेवढ्यानेही काम झालं नाही तर त्याच कंपनीत वर अपील करता येतं, आणि ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहेच.

आता एक काम. प्रत्येक गटाच्या सचिव ताईंनी या महिन्याच्या बैठकीत एक पान करायचं आहे. सदस्याचं नाव, बँकेत दिलेला नंबर, आधारला जोडलेला नंबर, आणि ते सिम कुणाच्या नावावर. जिथे जुळत नाही तिथे खूण करा. ती पानं सीआरपी ताईंकडे द्या, मी पुढच्या सभेला घेऊन बसते. आणि कुणी नुकतंच नवं सिम घेतलं असेल, तर आज घरी जाऊन आधी जुनं सिम डब्यातून काढा आणि अजून चालू आहे का ते बघा.