पार्सल पोचेपर्यंत

(वसंत व्याख्यानमाला, दुसरे पुष्प. विषय : घरगुती उद्योग आणि ऑनलाइन विक्री)



विषय जाहीर झाल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, कुठल्या अ‍ॅपवर विकायचं? त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. अ‍ॅपवर माल चढवणं तुमची कॉलेजात जाणारी मुलगी अर्ध्या तासात करून देईल. घरगुती धंदे बुडताना मी पाहिलेत ते खोक्यापायी आणि वहीपायी.

लांबून माल मागवणं आपल्याला नवं नाही. टपाल खात्याची व्ही.पी. 1877 सालची. जुनी मासिकं चाळा. पंचांग असो, केशतेल असो, ‘व्ही.पी.ने पाठवू’ हे ठरलेलं. पोस्टमन दारात पैसे घेई, मग पुडकं देई. आजची कॅश ऑन डिलिव्हरी तीच आहे आणि दुखणंही तेच, पुडकं न सोडवता परत पाठवण्याचं. बरं, पार्सलवरचा पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाच्या कल्पनेतून. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृत कवी! त्या सहा आकड्यांवर आज देशभरची कुरिअरं चालतात.

आता वही काढू. समजा, तीनशे रुपयांचा माल आहे. कच्चा माल, मजुरी, खोका आणि पाठवणीचे सत्तर रुपये वजा जाता तुमच्या हातात चाळीस उरतात. कॅश ऑन डिलिव्हरीवर दहा पार्सलं गेली, सात सुटली. सातांचे चाळीसप्रमाणे दोनशे ऐंशी मिळाले. परत आलेल्या तिन्हींवर जातानाचे सत्तर आणि येतानाचे सत्तर, म्हणजे चारशे वीस गेले. दहातली सात पार्सलं विकली जाऊन एकशे चाळीस रुपयांचा तोटा! आणि हे माल धड परत आला असं धरून. म्हणून नव्या माणसाने पहिलं वर्षभर पैसे आधी, माल नंतर, हाच शिरस्ता ठेवावा. गिऱ्हाइकं थोडी कमी मिळतील, मिळू देत.

दुसरी गोम वजनाची. कुरिअरवाला काटा बघतो आणि टेपही लावतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. जे येईल ते आणि काट्यावरचं, यातलं जास्त असेल त्याचे पैसे. पोह्याचे पापड अर्धा किलो, पण मोडू नयेत म्हणून खोका घेतला 25 बाय 25 बाय 10 चा. उत्तर येतं सव्वा किलो. म्हणजे पापडवालीने किंमत ठरवायच्या आधी खोका ठरवावा. आपण उलट करतो.

खोका भरायचा कसा, तेही सांगतो. लोणच्याच्या बरणीचं तोंड कोरड्या फडक्याने पुसायचं, कारण तेलावर सील धरत नाही. झाकणावर टेप, बरणीला प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर बबल रॅप, आणि कोपऱ्यांत चुरगाळलेला कागद ठासून. मग खोका कानाशी धरून हलवायचा. आत काही वाजलं तर पुन्हा उघडायचा, कंटाळा करायचा नाही. आपल्या कोकणच्या पावसात पुठ्ठा पापडासारखा सादळतो, तेव्हा जून ते सप्टेंबर बाहेरूनही प्लॅस्टिक हवंच.

फोटोचं फार मनावर घेऊ नका. पडवीत सकाळच्या उजेडात काढा, आकार कळावा म्हणून एकात हात येऊ द्या. वर्णन मात्र जीव लावून लिहा. कोकम आगळाचंच घ्या. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, साखरेचा थेंब नाही. अमृत कोकम वेगळं, त्यात साखर असते. आपल्याला हे पाळण्यातून ठाऊक असतं. यवतमाळच्या माणसाने नुसतं ‘कोकम’ वाचून बाटली मागवली, अर्धा पेला ओतला, वर पाणी घातलं आणि प्यायला, तर तो तुम्हाला शिव्याच घालणार. ‘खारट आहे, सोलकढीसाठी, वाटीभर नारळाच्या दुधाला अमुक चमचे’ असं आधीच लिहा. ती एक ओळ दोन डझन तक्रारी वाचवते.

कागदपत्रांना घाबरण्यासारखं काही नाही. खाण्याचा पदार्थ घरी केलात तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्यांसाठीची फी वर्षाला 100 रुपये, आणि मिळालेला चौदा आकडी नंबर लेबलवर हवा. पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख आणि तक्रारीसाठी फोन नंबर. उद्यम नोंदणी फुकट आहे. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लावा.

जीएसटीचा काटा मात्र आपल्या सिंधुदुर्गात नेमका रुततो. पूर्वी मोठ्या साइटवर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही किरकोळ असली तरी नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून चाळीस लाखांच्या आतल्या विक्रेत्याला सूट मिळाली. पॅन देऊन पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, बस्स. पण विक्री आपल्याच राज्यात. म्हणजे बांद्याच्या लोणचेवाल्याला पाचशे किलोमीटरवरची मुंबई चालते, नाक्यापलीकडचं गोव्यातलं पेडणं चालत नाही! पापडावर जीएसटीच नाही, त्यामुळे पापडवाली या भानगडीतून सुटली.

एक सावधगिरी. फोन येतो, ‘मी मिलिटरीत आहे, पन्नास बाटल्या हव्यात, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तो टाकलात की खात्यातून जातात. फोन ठेवा आणि पैसे गेलेच असतील तर तडक 1930 ला फिरवा.

आता अ‍ॅप. सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर करा. कॅटलॉग फुकट, आणि गिऱ्हाईक आयतं आहे, डोंबिवली-विरारचा आपला चाकरमानी. त्याला आगळ समजावून सांगावं लागत नाही, आणि बरणी फुटली तर तो तुमच्या नावे बोंब ठोकायच्या आधी फोन करतो. परत येणारी पार्सलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली की मग अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो. तिथे कमिशनचा तक्ता वाचा, तो मालागणिक बदलतो. पैसे किती दिवसांनी खात्यात येतात ते पाहा, तेवढ्या दिवसांचं भांडवल गाठीशी हवं. आणि दिवाळीच्या सेलमध्ये सामील व्हा म्हणून मेसेज आला, तर ती सूट कोणाच्या खिशातून जाणार आहे ते हो म्हणण्याआधी विचारा. बहुधा तुमच्याच.