भाकरीला पक्ष नसतो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. अध्यक्षबाईंनी आग्रह केला म्हणून दोन गोष्टी सांगते. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट माझ्याच चुकीची आहे. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. आपल्या मंडळाने कडक भाकरी व शेंगांची चटणी पाठवावयाचे ठरविले. चुली पेटल्या, तवे चढले, आणि कोणीतरी म्हणाले की टेम्पोवर अमक्या पक्षाचा फलक लागणार. आमच्या घरचा पक्ष दुसरा. मी परातीतले हात धुतले नि घरी निघून आले. माझ्यामागून आणखी तिघी उठल्या. ठरल्यापेक्षा भाकरी कमी गेल्या. संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या. त्या त्याच पक्षाच्या घरातल्या. म्हणाल्या, "ताई, एकदा बोलायचे तरी होते. मीच तो फलक काढायला लावला असता." मला उत्तर सुचले नाही.

आता दुसरी गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा सातवीत होते. आपल्या सोलापुरातही फळीवरची भांडी वाजली होती. हजारो माणसे गेली. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तेथे पोहोचले व पुढे गावे पुन्हा वसविण्याचे काम झाले. त्यानंतर २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत भूजचा भूकंप झाला. दिल्लीत तेव्हा अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान होते व पवार विरोधी पक्षात. तरी वाजपेयींनी आपत्ती निवारणाची राष्ट्रीय समिती नेमून तिचे उपाध्यक्षपद पवारांना दिले. किल्लारीचा अनुभव ज्याच्या गाठी, त्याला बोलाविले. पवारांनीही ते काम स्वीकारले. पुढे दिल्लीतले सरकार बदलले, आणि २००५ साली दुसऱ्या पक्षांच्या सरकारने आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला.

मोठ्यांचेच कशाला? किल्लारी भागातल्या आपल्यासारख्याच बायका घरे बांधण्याच्या कामात गावोगाव पुढे झाल्या होत्या. घर कसे मजबूत करावे, सरकारी मदत कशी मागावी, हे त्या शिकल्या. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर त्या कच्छात गेल्या व तेथील बायकांना धीर दिला. जिचे घर पडले होते, तीच दुसरीचे घर उभे करायला गेली. समोरची मत कोणाला देते, हे विचारून काही कोणी धीर देत नाही.

भगिनींनो, निवडणुकीत आपण आपापले मत जरूर द्यावे. घरात वादही व्हावेत. पण मंडळाच्या कामासाठी मी एक सूचना मांडते. कोणत्याही पक्षाचा पुढारी गाडी देवो, धान्य देवो, आपण आभार मानून घ्यावे. त्याने स्वतः येऊन पोती उचलली तर अधिकच बरे. मात्र गाडीवर फलक कोणाचाच नको, आपल्या मंडळाचासुद्धा नको. पुरात बसलेल्या माणसाला भाकरी हवी असते, ती कोणी पाठविली हे तो पोट भरल्यावर विचारील.

आणि पुन्हा कधी कोणी परातीतून हात काढून उठू लागली, तर तिला हाताला धरून बसवा. मला त्या दिवशी कोणी बसविले असते, तर फार बरे झाले असते.