प्लास्टिकचा मऊपणा आणि मुलांची स्थूलता

मूल अंगाने भरले, बाळसे धरू लागले, की घरातील वडीलधाऱ्यांना समाधान वाटते. आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु बाळसे निराळे आणि स्थूलता निराळी. सहासात वर्षांचे मूल वाजवीपेक्षा जड होऊ लागले, म्हणजे सारा दोष बहुधा त्याच्या खादाडपणाला आणि आळसाला दिला जातो. आहार, खेळ, झोप आणि आनुवंशिकता ही स्थूलतेची प्रमुख कारणे होत, यात शंका नाही. मात्र त्यांच्या जोडीला अलीकडे आणखी एका संशयिताचे नाव घेतले जाते. तो संशयित म्हणजे प्लास्टिकला मऊपणा आणणारी ‘थॅलेट’ वर्गातील रसायने.

पी.व्ही.सी. नावाचे प्लास्टिक मुळात कडक असते. त्याची लवचीक नळी किंवा मऊ खेळणे करावयाचे, तर त्यात ही तेलकट द्रव्ये मिसळावी लागतात. कणकेत मोहन घालावे, त्यातलाच हा प्रकार. परंतु ही द्रव्ये प्लास्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. ती त्यात केवळ मुरलेली असतात. साहजिकच उष्णता लागली, किंवा तुपातेलाचा सहवास घडला, की ती हळूहळू बाहेर पडतात आणि अन्नात उतरतात. अत्तरे आणि प्रसाधने यांतही यांपैकी काहींचा वापर होतो.

शरीरात शिरल्यावर ती काय करतात? चरबीच्या पेशी घडविण्याचे काम ज्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर चालते, त्या प्रथिनाला काही थॅलेटांपासून शरीरात बनणारे पदार्थ चेतवितात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. अशा स्थूलताकारक रसायनांना २००६ साली फेलिक्स ग्रून व ब्रूस ब्लूमबर्ग या शास्त्रज्ञांनी ‘ओबेसोजेन’ हे नाव दिले.

प्रयोगशाळेतील पेशी आणि हिंडतेफिरते मूल यांत अर्थातच अंतर आहे. ते ओलांडण्याचा एक प्रयत्न न्यूयॉर्क येथील माउंट सायनाय वैद्यकीय विद्यालयाने केला. त्या शहरातील ३८७ कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुलांची मूत्रतपासणी करून, वर्षभराने त्यांची उंची, वजन व कंबरेचा घेर मोजण्यात आला. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या थॅलेटाचा अंश शेकडा ९७ हून अधिक मुलांत आढळला. मुळातच वजन जास्त असलेल्या मुलींपैकी ज्यांच्यात हा अंश सर्वाधिक होता, त्यांचा देहभार-निर्देशांक सर्वांत कमी अंश असलेल्या मुलींपेक्षा शेकडा १० ने अधिक भरला.

यावरून गुन्हा शाबीत झाला काय? नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. अधिक खाणाऱ्या मुलाच्या पोटात वेष्टनातील अन्नाबरोबर ही रसायनेही अधिक जात असतील. शिवाय शरीर ती एकदोन दिवसांतच बाहेर टाकते. तेव्हा एका तपासणीवरून वर्षानुवर्षांचा हिशेब मांडता येत नाही.

तथापि पुरावा अपुरा असणे म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे. प्रजननसंस्थेला संभवणाऱ्या अपायामुळे युरोपात २००५ साली, तर अमेरिकेत २००८ साली खेळण्यांतील काही थॅलेटांवर कायद्याने निर्बंध आले. भारतातही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक संस्थेचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले.

घरात पाळावयाची दक्षता फारशी खर्चाची नाही. सगळेच प्लास्टिक या आरोपाखाली येत नाही; दुधाची पिशवी पॉलिथिलीनची असते, आणि तिला मऊपणासाठी थॅलेट लागत नाही. मात्र कढत आमटी, तूप किंवा तेलकट लोणचे यांसाठी स्टीलचा डबा वा काचेची बरणी बरी. प्लास्टिकच्या भांड्यात अन्न तापवू नये. तान्ह्या बालकाला उग्र सुगंधी प्रसाधने लावू नयेत. मैदानावरचा खेळ आणि घरचे ताजे अन्न यांची जागा ही दक्षता घेऊ शकत नाही. पण जे मूल आपले अन्न, आपला डबा व आपले खेळणे स्वतः निवडीत नाही, त्याच्या वाढत्या वजनाचा सगळा ठपका त्याच्याच माथी मारणे न्यायाचे नाही, एवढे तरी या संशोधनातून शिकण्यासारखे आहे.