घारी एकमेकींवर का आदळत नाहीत?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या राम घाटावरील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

वडीलधाऱ्यांना सांगतो, पायऱ्या अजून तापलेल्या आहेत, सतरंजीवरच बसा. या तापलेल्या दगडांशी माझ्या विषयाचा संबंध आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी राज्य शासनाचा नोकर, पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. विमानांशी माझा काही संबंध नाही. पण यंदा मे महिन्यात पुण्याला मेव्हण्याकडे हडपसरला गेलो होतो. त्याच्या घराजवळ ग्लायडिंग सेंटर आहे. केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याचं, जुनं. माझी मुलगी तिथे रोज कुंपणापाशी जाऊन उभी राहायची. परतताना गाडीत म्हणाली, "बाबा, मला हे शिकायचंय." आई शेजारीच होती. तिने दोनच प्रश्न विचारले. इंजिन नसलेलं विमान वर राहतं कसं? आणि दोन समोरासमोर आली, तर ब्रेक कुठे असतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच, घाटावर आहे. सकाळी दहा-अकराला वर पाहा. दगड तापतात, त्यांच्यावरची हवा तापून वर चढते, आणि त्या चढत्या हवेत घारी पंख न हलवता गोल गोल फिरत उंच जातात. ग्लायडर हेच करतो. विंचने दोर ओढून त्याला वर चढवतात, दोर सुटतो, आणि पुढे चढती हवा शोधायची. तिला ते लोक थर्मल म्हणतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. ब्रेक असतो, पण तो खाली उतरण्यासाठी. हवेत थांबता येत नाही. म्हणून जूनमध्ये पुन्हा पुण्याला गेलो आणि स्वतः बसून आलो. काही मिनिटांचंच उड्डाण. दोर सुटल्याचा ठक आवाज झाला आणि मग फक्त वारा. मी खाली पुणं बघत होतो, तर मागे बसलेल्या प्रशिक्षकांनी विचारलं, "आत्ता आपल्या डावीकडे काय होतं?" मला सांगता आलं नाही. एक ग्लायडर होता. पांढरा, ढगांच्या पांढऱ्यात मिसळलेला. उतरल्यावर ते म्हणाले की इथे हातांपेक्षा मान जास्त चालवावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, आकाश एवढं मोठं, दोन ग्लायडर आदळतील कसे? खरी गोम इथेच आहे. आकाश मोठं असलं तरी चढती हवा थोड्याच जागी असते, आणि प्रत्येकाला तिथेच जायचं असतं. सिंहस्थात क्षिप्रेला एवढा लांब किनारा असूनही सगळ्यांना स्नान राम घाटावरच हवं असतं, तसं. परदेशात स्पर्धेच्या दिवशी एकाच थर्मलमध्ये वीस-वीस ग्लायडर फिरत असतात.

म्हणून पहिला नियम: थर्मलमध्ये जो आधी शिरला तो ज्या दिशेने फिरतोय, त्याच दिशेने नंतरच्याने फिरायचं. तुम्हाला डावीकडे वळणं सोयीचं वाटो की उजवीकडे, याला महत्त्व नाही. उद्या घारींकडे नीट पाहा, एका घोळक्यातल्या बहुतेक एकाच दिशेने फिरताना दिसतील. 2016 च्या सिंहस्थात माझी ड्यूटी याच बाजूला होती. जाण्याचा रस्ता वेगळा, येण्याचा वेगळा, यावरून लोक आमच्याशी किती भांडले! "हमारा घर तो सामने है, भैया." घर समोर होतं हे खरंच होतं. तरी त्यांना फेऱ्याने पाठवावं लागलं.

दुसरा नियम आपल्याला जड जातो. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो. आकाशात समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. जगभर हेच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बजरीगर, म्हणजे आपल्याकडे पिंजऱ्यात लव्हबर्ड म्हणून विकतात ते पोपट, एका बोगद्यात समोरासमोर उडवले. 2016 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. दहा पक्षी, 102 उड्डाणं, एकही टक्कर नाही. पक्षी बहुतेक वेळा उजवीकडे वळत, आणि एकमेकांना वेगवेगळ्या उंचीवरून ओलांडत. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

डोंगराच्या कडेने उडताना आणखी एक गंमत. वारा उतारावर आपटून वर चढतो, त्या पट्ट्यात ग्लायडर ये-जा करतात. आपल्या कामशेतचे पॅराग्लायडरवालेही हाच नियम पाळतात. ज्याच्या उजव्या हाताला डोंगर, त्याला उजवीकडे वळताच येणार नाही. म्हणून ज्याच्या डाव्या हाताला डोंगर आहे त्याने बाजू द्यायची. ज्याला जागा आहे त्याने सरकायचं. मला हा नियम फार आवडला.

पण नियम पाळण्याआधी समोरचा दिसायला हवा. थोडा हिशेब करू. दोन ग्लायडर, प्रत्येकी ताशी 120 किलोमीटर, समोरासमोर. म्हणजे अंतर सेकंदाला साधारण 66 मीटरने कमी होतं. 800 मीटरवर असताना त्यांच्याकडे 12 सेकंद आहेत. आता हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरा. धरा, लाजू नका. 800 मीटरवरचा 15 मीटर पंखांचा ग्लायडर त्या करंगळीच्या रुंदीएवढा दिसतो, आणि जाडीला दोऱ्याएवढा. पाहणं, ओळखणं, ठरवणं, वळवणं आणि विमानाने वळणं, याला अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने साडेबारा सेकंद धरले आहेत. म्हणजे करंगळीएवढा दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो.

त्याहून वाईट गोष्ट अशी की जो आपल्यावर येऊन आदळणार आहे, तो हलताना दिसत नाही. काचेवर सरकत जाणारा ग्लायडर पुढून किंवा मागून निघून जाईल. काचेवर एकाच जागी ठिपक्यासारखा चिकटून राहिलेला आपल्याकडेच येतोय. आणि आपला डोळा हालचाल टिपणारा! माझा स्वतःचा अनुभव आहे. देवास रोडवर गाडी चालवताना आडव्या रस्त्याने येणारा मोटारसायकलवाला काचेच्या कडेच्या खांबामागे बरोबर झाकला गेला होता. मी पुढे सरकत होतो, तो पुढे सरकत होता, आणि खांब दोघांच्या मध्ये. बायकोने ओरडून सांगितलं म्हणून वाचलो. तेव्हापासून चौकात मी मान पुढे-मागे करतो. मुलं हसतात.

मोठ्या विमानांचं काय, असं कोणी विचारेल. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानं आदळली. 349 माणसं गेली, दोन्ही विमानांतलं कोणी वाचलं नाही. कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायला सांगितलं होतं, ते त्याखाली आलं. त्यानंतर आपल्या देशात विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. एकाला 'वर जा', दुसऱ्याला 'खाली जा' असं ती सांगते. पण ती ग्लायडरला चालत नाही. थर्मलमध्ये सगळे जवळजवळच फिरणार, ती सतत बोंबलत राहील. आणि ग्लायडरला इंजिन नसल्याने 'वर जा' या सांगण्याला काही अर्थ नाही. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या ग्लायडरवाल्यांनीच 2004 मध्ये 'फ्लार्म' नावाचं छोटं यंत्र काढलं. ते आपली जागा आणि पुढच्या काही सेकंदांतला मार्ग रेडिओने दुसऱ्यांना कळवतं, आणि मार्ग छेदत असतील तरच ओरडतं. मात्र समोरच्याकडेही तसं यंत्र हवं. नसेल तर ते गप्प बसतं, आणि आपण मात्र निर्धास्त. घारीकडे तर नाहीच.

जाता जाता: आपल्याकडे बनलेल्या ग्लायडरना अश्विनी, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा अशी नावं दिली होती. वेधशाळेच्या गावात ही नावं परकी वाटायला नकोत. 'रोहिणी'त शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. मला वाटतं, शिक्षकाची मान कशी फिरते ते विद्यार्थ्याला आपोआप दिसत असणार.

हे सगळं मी आईला याच पायऱ्यांवर बसून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बराच वेळ वर बघत बसली. मग म्हणाली, "शिकू दे. पण आधी तिचे डोळे तपासून आण. फळ्यावरचं दिसत नाही म्हणत होती ना?" मी अर्जावर सही केली आहे, पण तो अजून पाठवलेला नाही. अनंत चतुर्दशी झाली की सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.